दहा म्हणजे दहा काय

दुष्यंत लंजेची तिसरी आवृत्ती आली आहे
साकोलीहून, रात्री अकरा चाळीसला.
तलावाची पातळी मोजणाऱ्या पेटीचा ड्रायव्हर, दुरुस्त्यांसह.
आता तरी पास करा, असं त्यानं लिहिलेलं नाही,
पण ते दिसतं
शेवटच्या ओळीखाली सोडलेल्या
रिकाम्या ओळीत.

मी ड्रायव्हर तपासते म्हटलं
की गावात पहिला प्रश्न : लायसन आहे ना त्याच्यापाशी?
आहे. पहिल्याच ओळीत आहे.
तेवढं एक नेहमी असतं.

बाकी उतरावं लागतं.
पाचशे बारा ओळी. उजवीकडे कोड,
डावीकडे त्याचा कागद : कुठली तार, कोणता पत्ता,
किती व्होल्ट, कोणती पिन कुणाची.
कागद म्हणतो, रीसेटची पिन खाली ओढली की यंत्र निजतं.
कोड तिला खाली ओढतो
आणि म्हणतो, ऊठ.
मी लिहिते, दोघांतला एक खोटं बोलतोय.
मग खोडते.
तीन वर्षांमागे एका मुलाला असंच लिहिलं होतं,
त्यानं पुन्हा काही पाठवलं नाही.
लिहिते : पिन उलटी वाटते, कृपया बघावे.

तुडमाचंही हेच. खुंटा खाली म्हणजे बंद,
वर म्हणजे पाणी.
आमचे पाणकर ऋषी कापगते अंधारातही चुकत नाहीत.
त्यांच्यापाशी कागद नाही,
पाय आहे;
कितव्या पायरीवर ओला होतो
तेवढा तलाव.

ओळ दोनशे सात. थांब : १०.
नुसते दहा.
कागदातही, स्थिरावण्याचा वेळ : १०.
खालच्या उदाहरणातही तेच, कुणी विचारू नये अशा ठामपणे.
मिलिसेकंद असतील तर ठीक.
मायक्रो असतील तर यंत्र डोळे चोळायच्या आत
आपण विचारतो, पाणी किती?
ते झोपेत बरळतं
आणि आपण लिहून घेतो.

सकाळी पाळीवर कापगत्यांना सहज विचारलं.
हलकं धान निघालेलं, भारी अजून उभं,
ढिवरांच्या डोंग्यात शिंगाड्यांचा ढीग.
"दहा म्हंजे दहा का, बाई?
बोटं का हात?
बोटं असली त भारी धान मरते,
हात असले त गावच वाह्यते."
आणि तंबाखू मळत राहिले.

यंत्राच्या जाड पुस्तकात, पान एकतीस, तळटीप,
मुंगीएवढ्या अक्षरात :
दहा मिलिसेकंद. मात्र पंधरा अंशांखाली पंचवीस.
पुसाच्या पहाटे तुडमावरची पेटी नऊ अंशांवर येते.
म्हणजे दहा बरोबर होते,
फक्त इथले नव्हते.

जुन्या आवृत्त्या उघडून पाहिल्या.
पहिलीत ही ओळ होती.
दुसरीतही.
दोन्ही वेळा मी वरून गेले होते,
खाली स्वल्पविरामावरून त्याला झापून.

तर लिहिते :
एकक नावातच घाला. दहाचे पंचवीस करा.
थंडीचं कारण कागदात लिहा, कोडात नको,
कोडातला शेरा कुणी वाचत नाही.
ही ओळ माझ्याही नजरेतून दोनदा सुटली.
त्याखाली "तपासले" आणि माझं नाव
लिहायची जागा असते.
ती अजून तशीच ठेवते.

संध्याकाळी कापगते पाळीवरच भेटले.
"पास झाला का तो पोरगा?"
अजून नाही.
"मंग तुही पेटी आज का म्हनते?"
मी फोन बघून सांगितलं, एकवीसशे चाळीस.
"एकवीसशे का?"
मी तोंड उघडेपर्यंत
चप्पल काढून ते
खाली उतरायला लागले होते.