तेवीस फूट, तब्येत ठीक

मेहुण्याकडून मागून आणलेली गाडी,
पाच माणसं, एक थर्मास,
आणि आईच्या मांडीवर फडक्यात बांधलेले धपाटे.
"कॅफेत जायचंय ना आजी, मग हे कामून?"
"असू दे गं. हाटेलाचं काय सांगता येतं."
माळाकोळीच्या पुढं रस्ता उखडलेला.
अप्पा खिडकीशी. बोटांवर काहीतरी मोजत.

कंधारला तळ्याच्या काठावर
नवीन कॅफे झालाय. बांबूचे दिवे,
भिंतीवर रंगवलेले दोन मोठे पंख,
त्यांच्यापुढं उभं राहून फोटो काढायचा.
मालक सोपान, भोयाच्या घरचा.
आजा इथंच जाळं टाकायचा,
हा वायफायचा पासवर्ड सांगतो.

अप्पांनी मेनूकार्ड उजवीकडून वाचलं, आधी किमती.
मग मिटून ठेवलं, दुसऱ्याचं पत्र मिटावं तसं,
आणि पाण्याकडं बघून म्हणाले,
"एकोणीस असंल."
"काय एकोणीस?"
"फूट."

मग आईच बोलली. मला हे ठाऊकच नव्हतं.
लग्नानंतर तीन वर्षं अप्पा इथं, रोजंदारीवर.
काम एकच:
सकाळी पायऱ्या उतरायच्या,
पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा.
आई गावाकडं, सासऱ्याच्या घरी.
महिन्याला एक कार्ड यायचं,
आणि कार्डावर काय लिहावं
हे अप्पांना कधी सुचलं नाही.
"पाणी तेवीस फूट. तब्येत ठीक. कळावे."
"पाणी बावीस फूट दोन इंच. थंडी आहे. कळावे."
दीर ओसरीवर मोठ्यानं वाचायचा. सगळे हसायचे.
"मला बरंच होतं," आई म्हणाली,
"चारचौघांत वाचता येण्यासारखं."
पाणी चढलं की ती समजायची, ह्यांचं बरं चाललंय.
उतरलं की दोन दिवस घास गोड लागायचा नाही.
आणि एका उन्हाळ्यात:
"पट्टी कोरडी पडली. मोजायला काही नाही. येतो."

मी पुढच्या वर्षीच्या फाल्गुनातला.

पण तळं तिनं पाहिलं ते आज.
उठली, कठड्याशी गेली, पदरानं चष्मा पुसला.
जलपर्णी. दोन पाणकोंबड्या. उलटा घातलेला तराफा.
काठाला चिप्सची पाकिटं.
बराच वेळ बघून म्हणाली,
"एवढंच का हो?"
अप्पा ओशाळले,
जणू तळं त्यांनीच लहान बांधलं होतं.

कोल्ड कॉफी आली, उंच ग्लासात.
आईनं बशी मागितली.
सोपानकडं बशी नव्हती,
त्यानं शोधून कसल्यातरी डब्याचं झाकण आणलं, धुऊन.
'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत'
या पाटीच्या बरोबर खाली फडकं सुटलं,
आणि पहिला धपाटा गेला सोपानच्याच हातात.
तो उभ्याउभ्या खात होता
आणि बिल किती लावावं याचा विचार करत होता,
असं मला वाटलं. त्यानं पूर्ण लावलं.

पंखांपुढं उभं राहायला दोघंही तयार झाले नाहीत.
ईश्वरीनं मग नुसत्या पंखांचा फोटो काढला.

लोह्याच्या चौकात गाडी अडकली होती,
समोर उसाचा ट्रॅक्टर,
मागच्या सीटवरून आई एकदम म्हणाली,
"एकोणीस नाही. वीस होतं."

अप्पांनी काच खाली केली. परत वर केली.
"बरं," म्हणाले. "वीस लिहू."