कुठल्या वर्षाचं पाणी

मार्चमध्ये तुओमियार्वीवरचा बर्फ हातभर जाड असतो.
त्यावरून आमची जीप गेली, जीपमागे कुत्रा,
आणि सगळ्यांच्या मागे पायाने रेटायच्या घसरगाडीवर
कौनो पेल्कोनेन, वय ऐंशी,
बोलावलं नसताना.

भोक पाडलं. पाचरीसारखी पोकळ पेटी,
आत कोरडा बर्फ आणि स्पिरिट,
दोरीने सोडली नऊ मीटर खाली.
मग वीस मिनिटं काही नाही.
तळाचा गाळ पत्र्याला धरून गोठेपर्यंत
माणसांना बोलावंच लागतं.

"माझ्या लहानपणी," कौनो म्हणाला,
"पाण्यात पडलेलं नाणं दोन पुरुष खोलीवर दिसायचं.
मग डेअरी आली. चीजची निवळी थेट तळ्यात सोडली,
तेव्हापासून पाणी काही निवळलं नाही, हेल्का."
हे तो नगरपालिकेत बोललाय, चर्चच्या पायरीवर बोललाय,
सौनात तर दर शनिवारी.
डेअरीचा शेवटचा मॅनेजर त्याचा सख्खा मेहुणा.
पंचवीस वर्षं अबोला.

प्रयोगशाळेत मी रेघा मोजते.
फिकट रेघ वसंताची: वितळत्या बर्फाबरोबर वाहून आलेली माती.
गडद रेघ त्यानंतरची: उन्हाळ्यात जगलं-मेलं ते सगळं,
हिवाळाभर सावकाश खाली बसलेलं.
दोन रेघा, एक वर्ष.
शहाऐंशी सालावर यंत्र टिकटिकतं.
डोळ्यांना काही दिसत नाही तिथे,
पण त्या वर्षी कौनोने तळ्यातले मासे
मांजरालासुद्धा घातले नव्हते.

त्याखाली डेअरी. सायीसारखे जाड, काळे थर,
सत्तावन्न सालापासून.
सूक्ष्मदर्शकाखाली करंडक वनस्पती,
काचेचे इवलेसे करंडे, झाकणासकट;
स्वच्छ पाण्यातली जात एका दशकात संपते,
मळक्या पाण्यात फोफावणारी येते.
कौनोचं खरं होतं.
इथेच थांबून त्याला फोन करायला हवा होता.

मी आणखी खाली गेले.

बोटभर राखाडी माती, एकदम, जणू कुणी टोपली उपडी केली.
एकोणिसाव्या शतकाचं सातवं दशक.
सात घरांनी मिळून ओढा खणला,
तळं दोन मीटर उतरवलं, कुरणासाठी.
गावात त्यांचा दगड आहे.
दगडावर पहिलं आडनाव पेल्कोनेन.
पाणी कुठे मुरत होतं ते असं कळतं.
आणि त्याच्याही खाली भांगेच्या झाडाचे पराग
(नशेसाठी नाही, दोरासाठी: काड्या तळ्यातच कुजत घालायचे),
त्याच्याखाली जाळलेल्या रानाचा कोळसा.

नगरपालिकेच्या अर्जात एक रकाना आहे:
'तळं मूळ स्थितीत आणण्यासाठी संदर्भवर्ष.'
चार आकडे मावतील एवढा.

फोटो घेऊन कौनोच्या स्वयंपाकघरात गेले.
त्याने चष्मा पुसला. "माझं साल?"
त्रेचाळीस. मी सुईने दाखवलं.
पुरुष युद्धावर, अर्धी शेतं पडीक, रेघ केसाएवढी.
त्याने नख लावून पाहिलं. "एवढंसंच?"
मग त्याचं नख आपणहूनच खाली सरकत गेलं,
राखाडी थरापाशी थांबलं.
मी सांगितलं.
त्याने कॉफी ओतली, माझ्या कपात, मग बशीतही.

"आदल्या वर्षी दुष्काळ होता," बऱ्याच वेळाने म्हणाला.
"झाडाच्या सालीची भाकरी खात होते.
गवत आलं म्हणून गाई जगल्या. गाई जगल्या म्हणून..."
पुढचं बोलला नाही.
गाई होत्या म्हणूनच डेअरी आली,
हे त्याला माझ्याआधी कळलं असावं.

निघताना दारात म्हणाला,
"या फोटोची आणखी एक प्रत मिळेल?"
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात बर्फ फुटला.
या वर्षीची फिकट रेघ आता खाली उतरत असणार,
तिच्यात कुत्र्याचे चार केस,
आमच्या भोकाशी सांडलेली कॉफी.
रकाना मी अजून भरलेला नाही.