निरंक

नाना पेठेत माझं दुकान, स्कूटरच्या सुट्या भागांचं.
त्या शनिवारी शटर सातलाच ओढलं.
आठ इंची दुर्बीण (आरसा मीच घासलेला,
अकरा महिने, पिंपाभोवती फेऱ्या मारत)
मागच्या सीटवर आडवी घातली
आणि सातारा रस्ता धरला.

आम्ही सहा जण, सात-आठ किलोमीटरला एक.
कात्रजला फिरोझा, दातांच्या दवाखान्यातली,
खेड-शिवापूरला पवळे, एस.टी.तून निवृत्त,
कापूरहोळला बिडकर बाई,
मधल्या जागी कॉलेजची दोन पोरं,
शेवटी मी, सारोळ्याला, नीरेच्या अलीकडे,
उसाच्या बांधावर.

नाव नसलेला, नुसता आकडा असलेला एक दगड
एका अंधुक ताऱ्यापुढून जाणार होता.
मोठ्या वेधशाळा आपापल्या डोंगराला खिळलेल्या,
सावली काही त्यांच्या दारी जात नाही.
तिच्या वाटेत जाऊन बसायला
थर्मास लागतो
आणि रविवार मोकळा असलेली माणसं.

तीन चाळीस. मोबाइल ऐकतोय.
माझ्या जिभेचा उशीर शून्य पूर्णांक एकतीस सेकंद,
मोजून ठेवलाय, नंतर वजा करायचा.
'गेला' म्हणायला तोंड उघडं.
तारा होता.
अजून होता.
तीन पंचेचाळीस.
कुणीतरी मोटर चालू केली, पाटाला पाणी आलं,
चपला भिजल्या.
तारा तिथंच.

उजाडताना शिवापूरला चहा.
फिरोझा : दोन पूर्णांक आठ सेकंद.
पवळे : तीन पूर्णांक चार. सांगताना उठून उभे राहिले.
बिडकर बाई : जेमतेम एक.
मी चपलांकडे बघत म्हणालो, 'आपलं निरंक.'

बाईंनी बिलाच्या पाठीवर सहा रेघा ओढल्या,
पाच मध्येच तुटलेल्या, कमीजास्त,
सहावी सलग.
तुटलेल्या तुकड्यांच्या टोकांवरून पेन फिरवलं,
बटाट्यासारखं काहीतरी झालं.
'रसाळ, दगड इथं संपतो. तुमच्या अलीकडे.
तुम्ही नसता, तर आम्ही तो
पार साताऱ्यापर्यंत ओढला असता.'

कुठल्याशा तक्त्यात आता सहा ओळी आहेत.
माझ्या नावापुढे आकडा नाही, आडवी रेघ.

सोमवारी एक जण जुन्या प्रियाची क्लच प्लेट मागायला आला.
नाही म्हणालो.
तो गेल्यावर वही काढली,
तारीख घातली,
आणि ते नाही
नीट लिहून ठेवलं.