दीड इंच

मी दारं केली, पाळणे केले,
बैलगाड्यांची जोखडं केली, ती गेली,
मग टीव्हीची कपाटं, तीही गेली.
बंदूक मात्र कुणी आणली नव्हती
पाटणच्या पेठेतल्या या दुकानात,
वच्छीकाकी निकम पायरी चढून आली तोवर.

एकनळी, बारा बोअर.
गोणपाटातून काढून माझ्या हातात दिली
तान्हं मूल द्यावं तशी, डोकं सांभाळून.
सोबत परवाना. हवालदाराच्या जागी आता तिचं नाव.
कारण : पीक संरक्षण.

"ही मालकांच्या हाताची," म्हणाली.
"मी खांद्याला लावते, तर बोट चापाला पोचत नाही.
मारायचं नाही हो कुणाला. हवेत एक बार.
भुईमुगातनं डुकरं उठली म्हणजे झालं.
पण ती काय वाट बघत थांबतात होय?"

मी तिचा हात मापला.
कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत.
त्याआधी तिनं हवालदाराचं घड्याळ वर सारलं,
पट्ट्याला जादाचं भोक पाडलेलं.
दस्ता दीड इंच जास्त.
अक्रोडाचं लाकूड, आपल्या डोंगरात न होणारं,
गाल टेकतो तिथं पॉलिश गेलेलं,
खांदा टेकतो तिथं घामानं काळं.

करवत काढली होती. परत ठेवली.
"काकी, आधी विचारून या."

साताऱ्याला तीन खेपा. शस्त्र परवाना शाखा, दुसरा मजला.
बर्गे कारकून माणूस वाईट नव्हता.
"नळी कापाल तर सरळ गुन्हा.
दस्त्याचं म्हणाल तर..." आणि पानं उलटत राहिला.
"परवान्यावर एकूण लांबी शेहेचाळीस.
साडेचव्वेचाळीस आणलीत, तर ही बंदूक ती बंदूक नव्हे."
"बाई तीच हाय की," काकी म्हणाली.

मग मी डोकं चालवलं.
म्हटलं, मागचा दीड इंच सुटा करू, दोन स्क्रूवर.
तपासणीला लावायचा, रानात काढायचा.
सांधा असा करतो की नखसुद्धा अडकणार नाही.
बर्गेचं पेन थांबलं.
"सुटा होतो?"
"होतो."
"आज दीड इंच सुटा, उद्या अख्खा दस्ता.
मग ती पिशवीत मावणार. मग लपणार.
तो रकाना वेगळा, मिस्त्री, आणि तो तुम्हाला नको.
बरं, तुमच्याकडं दुरुस्तीचा परवाना आहे?"

चाळीस वर्षं सांधे केले.
चोख सांधा हाच गुन्हा ठरतो, हे तिथं कळलं.
सरकारला गोळीची असेल भीती,
पण पिशवीची जास्त.

मध्येच निवडणूक लागली.
बंदूक ठाण्यात जमा, काकीच्या हाती पावती.
डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.
खालचं वावर त्यांनी दोन रात्रीत नांगरलं.

परवानगी आली तेव्हा थंडी पडली होती.
साताऱ्याच्या बंदूकवाल्याच्या दुकानात,
सही त्याची, शिक्का त्याचा, करवत माझी.
अक्रोड कापताना वास येतो, मला ठाऊक नव्हतं.
मागची लोखंडी पट्टी पुन्हा बसवली. काकीनं खांद्याला लावली,
भिंतीवरच्या कॅलेंडरावर नेम धरला,
आणि बोट आपोआप जिथं जायचं तिथं गेलं.

बर्गेनं टेप लावला. साडेचव्वेचाळीस.
शेऱ्यात लिहिलं : दस्ता दीड इंच कमी केला.
कुणाच्या हातासाठी, ते लिहायला जागा नव्हती.
"कापलेला तुकडा?"
मी टेबलावर ठेवला.
त्यानं उलटापालटा करून पाहिला,
फाइलीला लावावा का, विचार केला,
आणि परत दिला.

एसटीत काकीनं तो नाकाशी धरला.
"तेल," म्हणाली. उंब्रजपर्यंत गप्प.
मग म्हणाली, "आणि तंबाखू."

पिशवीत टाकला. मावला.