अर्धा इंच माया

पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर
काचेपलीकडे मिस फुर्तादोनं माझी फाइल उघडली
आणि एका शब्दाखाली पेन टेकवलं :
सौंदर्यासाठी.

म्हणजे दर सोमवारी पोटाला टोचून घ्यायचं,
फ्रिजमध्ये आमसुलांच्या बरणीमागे लपवलेलं
ते इंजेक्शन, सुंदर दिसण्यासाठी.

एकतीस वर्षं चोडणात ब्लाउज शिवते मी.
सुंदर दिसायला काय लागतं, मला विचारा.
कटोरी नीट बसावी लागते, पाठीला हूक लागतात,
आणि आरशाशी जरासं खोटं बोलावं लागतं.
सुईही लागते. पण ती कापडाला.

डॉक्टर प्रियोळकरांनी स्वच्छ लिहिलं होतं :
वजन सत्त्याण्णव, साखर उंबरठ्यावर,
झोपेत श्वास अडकतो, उजवा गुडघा झिजलेला.
"उंबरठ्यावर म्हणजे अजून आत नाही ना,"
मिस फुर्तादो म्हणाली. नियम पाहून म्हणाली,
माझ्याकडे पाहून नाही.
कलम चार, पोटकलम ग.
पोटकलम!
मी एकटीच हसले.

ही पॉलिसी नवऱ्याच्या कंपनीची.
वेर्ण्याला, औषधांच्या कारखान्यात, तो पॅकिंगला आहे.
दिवसभर लोकांची औषधं खोक्यांत भरतो
आणि रात्री विचारतो, "काय म्हणाले?"

सरकारी कार्डाच्या खिडकीवरचा मुलगा गोड बोलला.
"मावशी, दाखल व्हा, मग सगळं बसतं.
गुडघा बदलायचा तर बसतो, हृदयाची नळी बसते.
गुडघ्यावरचं ओझं तेवढं यादीत नाही."
"मग किती आजारी पडू?" मी विचारलं.
त्यानं खरंच यादी उलटून पाहिली.

दोन महिने मी पदरचे भरले,
ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेले.
त्या दोन महिन्यांचं सांगते.
जत्रेतून खाजं आणलं
आणि पुडा उघडायलाच विसरले.
विसरले!
आयुष्यात पहिल्यांदा कुठलं खाणं मी विसरले होते.
डोक्यात सतत कुणीतरी बोलत असायचं,
ते गप्प झालं, तेव्हा कळलं की बोलत होतं.
फेरीबोटीच्या उतारावरून धक्क्यापर्यंत
मध्ये न थांबता चढले. सहा किलो गेले.
शेजारीण म्हणाली, "तोंड आवरलंस वाटतं शेवटी."

मग पैसे संपले.
भूक परत आली, लेक माहेरी येते तशी,
पिशव्या घेऊन, राहायलाच.

अपील केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा
अर्ज मीच लिहिला, बेतून, कातरून,
एक शब्द सैल नाही. उत्तर आलं : विचाराधीन.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी
मिस फुर्तादो फेरीतून उतरली, हातात निळं सॅटिन.
नाताळचा ड्रेस शिवायचा होता. पत्ता फाइलमधला.
मी टेप काढली. छाती, कंबर, नितंब.
आकडे मी मोठ्यानं वाचत नाही, कुणाचेच नाही,
वहीत लिहिते आणि वही मिटते.
दार लोटून घेऊन ती हळूच म्हणाली,
"ते इंजेक्शन… स्वस्त कुठं मिळतं गं?
आम्हां स्टाफलाही बसत नाही."

मी काय बोलणार? म्हापशाच्या फार्मसीचं नाव दिलं.
तिथंही स्वस्त नाही म्हणून सांगितलं.
ती म्हणाली, "अगदी फिट शिव.
नाताळपर्यंत मी कमी होणार आहे."

कापड पसरलं, खडूनं रेघ मारली.
शिवणकामात रेघेबाहेर जे जास्तीचं ठेवतो
त्याला आमच्याकडे माया म्हणतात.
रीत अर्ध्या इंचाची.
मी दोन्ही कुशींना दोन-दोन इंच सोडली
आणि तिला सांगितलं नाही.