पलीकडचा काठ

कुंभारजुव्याच्या कालव्यावरची माणस माझ्याकडे.
भरतीला दार आपसूक मिटतं, ओहोटीला उघडतं.
मी फक्त बिजागऱ्यांना तेल घालतो, कोळंबी मोजतो.

गेल्या पौषात ते त्या दारातून आत आले.
सहा पाय, पोटाखाली निळसर खवले,
पापण्या आडव्या मिटणाऱ्या.
पणजीहून आलेले साहेब म्हणाले,
अकरा चंद्र ओस पाडलेत यांनी,
उजेड नाही, ऊब बघतात.
रात्री अंगाला ओला चिखल फासून झोपा.

पुतू गावड्याच्या म्हशीला हे कुणी सांगितलं नाही.
ती कोरडीच झोपली.

अमावास्येला आम्ही नेहमीसारखी
बांधावर चिखलाची मगर थापली.
शिंपल्यांचे खवले, काड्यांचे दात,
पोटात एक अंडं.
खा, पण बांध फोडू नकोस.
आजवर मगरीने ऐकलंय.

सकाळी अंडं नव्हतं.
मगर शाबूत,
फक्त तिला दोन पाय जास्त लावलेले,
त्यावरचे ठसे आमच्या बोटांचे नव्हते.

तेव्हापासून गोठे भरलेले आहेत.

काल ओहोटीला पलीकडे, खारफुटीत,
एक आकार दिसला. चिखलाचाच.
दोन हात, दोन पाय,
डोळ्यांच्या जागी कालवांची टरफलं,
कमरेला माझं हरवलेलं तेलाचं फडकं.

होडी घेऊन गेलो. हात लावला.
पोट कोमट होतं,
आत काहीतरी हळू टकटकत होतं.

ते घ्यायचं असतं की तिथंच ठेवायचं,
मगरीला आम्ही कधी विचारलं नव्हतं.