चौथं पाकीट

सेमिनरी हिल्सच्या बीजकोठारात
पाइनच्या बियांची सात पाकिटं.
बाहेर सेहेचाळीस, कूलरचा वाळा कोरडा.
पाकिटांवर उंची, उतार, अक्षांश;
झाडाचं नाव एकच, गावं निराळी.

निमगडे साहेब म्हणतात, सरळ खोडाचं निवडा,
चिखलदऱ्यात लावायचंय, तीस वर्षांनी मोजायचंय.
तीस वर्षांनी
मोजायला आमच्यातलं कोण?

उईके एक बी तळहातावर घेतो,
तिच्या पंखावर हलकी फुंकर:
"सरळ तं सारेच लिवतात जी.
मायनं दुष्काळ पाह्यला का, ते कुठी लिवलंय?"

मी सातही पाकिटं पुन्हा उलटते.
चौथ्याच्या पाठीवर, पुसट पेन्सिलीत:
मातृवृक्ष वाकडा. वणव्यातून वाचलेला.

रजिस्टरात चार नंबर लिहिते.
कारणाच्या रकान्याशी
पेन बराच वेळ थांबून.